समोरून काढलेला फोटो

"ती छत्री आत न्या आधी," बाई दारातूनच म्हणाल्या. "आन् त्यो दिवाबी. त्येच्या नजरंला पडायला नगो."

मी दिव्यावरची पांढरी छत्री मिटवून आतल्या खोलीत नेली. फ्लॅश कपाटात ठेवून कपाट लावून घेतलं. परत आले तरी त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. अंगानं किडकिडीत, केसांत आणि कोपरापर्यंत सुताचा भुगा. त्यांच्यामागे, रस्त्याकडे पाठ करून, दोन्ही कानांवर हात ठेवून एक उंच पुरुष उभा होता. पंचविशीचा असेल. दाढी घरीच कात्रीनं कापलेली दिसत होती.

"ह्यो दिगंबर. दिगू. माझा ल्योक," त्या म्हणाल्या. "बोलत न्हाई. पन समदं कळतंय त्येला. तुमी फ्लॅश न मारता फोटो काढता म्हनं?"

ही इचलकरंजीतली गोष्ट. आता बरीच वर्षं झाली. तेव्हा स्टेशनरीच्या दुकानाशेजारी माझा छोटा स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, बारशी तर मी करतच होते, पण माझ्या बहिणीची मुलगी स्वमग्न असल्यामुळे एक वेगळं काम माझ्याकडे आपसूक येऊ लागलं होतं. भाचीमुळे मला कळलं होतं की काही माणसांना उजेड टोचतो, कॅमेऱ्याचा खटका कानशिलात मारल्यासारखा लागतो, अनोळखी हात अंगाला लागला की दिवसभर ती जागा जळत राहते. मग मी आवाज न करणारा कॅमेरा घेतला. अशा मुलांच्या घरी मी आधी रिकाम्या हातानं जायची. अत्तर लावायचं नाही, बांगड्या घालायच्या नाहीत, "हस बघू" म्हणायचं नाही. ती जिकडे बघतील तिकडे बघू द्यायचं. फोटो मिळाला तर मिळाला. आयांकडून आयांना कळत गेलं, तसंच मालनताई मुसळ्यांनाही कळलं असणार.

त्या दिवशी दिगू आत आलाच नाही. मालनताईंनी पायरीवर बसून मला त्याची बोली समजावून सांगितली. लहानपणी तो कोल्हापूरच्या एका शाळेत काही वर्षं जात होता. तिथं त्याला चित्रं देऊन मागायला शिकवलं होतं. चहा हवा तर कपाचं चित्र आणून आपल्या हातात द्यायचं. चित्र हातात पडलं की आपण चहा द्यायचा. यात कधी चुकायचं नाही. भाकरी, अंघोळ, फिरायला जाणं, सगळ्याची चित्रं त्याच्या खिशात असत, रबर लावलेला गठ्ठाच. पण ती आता घामानं आणि हाताळून पुसून गेली होती. कपाच्या जागी नुसता पांढुरका डाग उरला होता, तो त्या दोघांनाच ओळखू यायचा.

"नवी पायजेत," त्या म्हणाल्या. "आमच्याच कपाची, आमच्याच दाराची. त्येची काढा. माझीबी काढा."

"त्यांचा एखादा आधीचा फोटो आहे?"

"बारशाचा हाय. त्येच्यानंतर कुनाला जमलंच न्हाई. एकानं हनुवटीला हात लावून मान वर केली, तर ह्यो कितीतरी दिस भिंतीकडं तोंड करून जेवायचा."

मी त्यांच्या घरी जाऊ लागले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग. पहिल्या दिवशी मला वाटलं, या खडखडाटात हा माणूस जगतो कसा? पण उलटंच होतं. माग चालू असले की दिगू निवांत असायचा, मागांच्या तालावर झुलत बसायचा. वीज गेली, माग थांबले, की घरभर फिरून दारं उघडून बघायचा. एकदम येणारा आवाज त्याला सोसत नसे. न थांबणारा आवाज तो पांघरूण घेतल्यासारखा घेऊन बसायचा. मालनताई एका कोपऱ्यात मशीनवर सुताच्या कांड्या भरायच्या आणि मधूनच वळून त्याच्याकडे बघायच्या. नवरा कधीच सोडून गेला होता. घरात ही दोघंच.

कॅमेरा घेऊन गेले तेव्हा तो मी जमिनीवर ठेवून दिला आणि मालनताईंशी गप्पा मारत बसले. दिगूनं त्याचा पट्टा हुंगला. भिंगावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. पुढच्या खेपेला त्यानं कॅमेरा उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवला आणि आपल्या जागी जाऊन बसला.

"काढा आता," मालनताई हळूच म्हणाल्या. "त्येची ना न्हाई."

कौलातल्या काचेतून उन्हाचा पट्टा खाली आला होता. त्यात सुताचे बारीक तंतू तरंगत होते. दिगू त्यांच्याकडे मान वळवून बघत होता, तोंड किंचित उघडं. मी बाजूनंच फोटो घेतला. कॅमेऱ्याचा आवाज नाही, उजेड नाही. त्याला कळलंही असेल, पण तो हलला नाही.

फोटो मालनताईंना दाखवला. मशीन बंद करून, पदराला हात पुसून त्यांनी कॅमेरा घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"असा दिसतोय व्हय ह्यो," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्याच डोळ्याला तसा दिसतोय."

"समोरूनही एखादा काढूया का? हळूहळू जमेल."

"नगो, ताई. डोळ्यात बघायला लावलं की त्येला दुखतंय. माझ्याबी डोळ्यात त्यो बघत न्हाई. आन् त्येचं काय वाईट वाटून घ्यायचं? मी हाय हे त्येला ठावं हाय."

मग दार, चूल, कप, भाकरीची परात, न्हाणीतला तांब्या असं सगळं काढून झालं. छापून, जाड पुठ्ठ्यावर चिकटवून मी चित्रं नेऊन दिली. दिगूनं एकेक चित्र नाकाशी धरून वास घेतला आणि कपाचं चित्र माझ्या हातात दिलं. मला क्षणभर कळलंच नाही.

"द्या की चहा," मालनताई हसून म्हणाल्या. "मागतोय त्यो तुमच्याकडं."

त्यांच्या चुलीवर मी चहा केला. साखर जास्त पडली, तरी तो प्यायला. कोणी माझ्यावर एवढा विश्वास टाकल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा बोलावलं. "आता माझा काढा. खाटंवर निजल्याला."

त्या खाटेवर आडव्या झाल्या, वाकळ गळ्यापर्यंत ओढली. "आजारी दिसतोय का मी?"

"जरा जास्तच दिसताय," मी हसून म्हटलं. त्या हसल्या नाहीत. मी फोटो काढला. त्या उठल्या, चादरीच्या सुरकुत्या काढल्या, वाकळीची घडी करून पायथ्याशी ठेवली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. बाहेरूनच म्हणाल्या, "आता काढा."

"काय काढू?"

"खाट."

"रिकामी?"

"व्हय. मी न्हाई, अशी."

मी कॅमेरा तसाच हातात धरून बाहेर आले. त्या पायरीवरचा सुताचा भुगा हातानं गोळा करत होत्या.

"पोटात हाय," त्या म्हणाल्या. "मिरजंला दावून आलोय. डॉक्टर म्हनले, घरी जावा, काय खावंसं वाटंल ते खावा. म्हंजे काय ते कळतंयच की." त्यांनी आत बघितलं. दिगू झुलत होता. "त्येला सांगून कळायचं न्हाई, ताई. 'आई जानार' म्हनलं की त्यो चप्पल घालून दारात उभा ऱ्हातोय. माझ्यासंगं यायला."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"फोटोतलं मात्र त्येला कळतंय. आधी आई खाटंवर. मग खाट रिकामी. मग मामाची गाडी. मग ती नवी जागा, तितली त्येची खाट. रोज लावून दावतो त्येला. मी हाय तवर शिकला तर शिकला."

मी आत गेले आणि रिकाम्या खाटेचा फोटो काढला. अनेक मयतांचे फोटो मी काढले होते, त्यातला एकही हलला नव्हता. त्या दिवशी फोटो हलला. दुसरा काढावा लागला.

नवी जागा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी असलेली एक निवासी संस्था. मालनताईंचे भाऊ रावसाहेब यांनी तिथं बोलून ठेवलं होतं. मी एकटीच बसनं जाऊन फाटक, नळ, खिडकीजवळची खाट, वाढपाची मोठी पातेली आणि दिगूच्या खोलीतल्यांची देखभाल करणाऱ्या हिराबाई, सगळ्यांचे फोटो काढून आणले. जागा स्वच्छ होती. फक्त फार शांत होती.

चित्रं देताना मालनताईंनी माझं मनगट धरलं. "फोटोत हाय तसंच झालं पायजे, ताई. मानसावर त्येचा भरवसा न्हाई, फोटोवर हाय. तेवढं एक सांभाळा."

"सांभाळीन," मी म्हटलं.

सुरुवातीला दिगू रिकाम्या खाटेचं चित्र उचलून आईच्या चित्राखाली लपवायचा. मालनताई ते काढून पुन्हा जागेवर ठेवायच्या. तो लपवायचा, त्या ठेवायच्या. ना त्या रागवायच्या, ना तो ओरडायचा. पुढे पुढे त्यांना बसवेना, तेव्हा त्या निजूनच बोटानं दाखवू लागल्या. एके दिवशी मी गेले तेव्हा सगळी चित्रं चटईवर एका ओळीत लागली होती, योग्य त्या क्रमानं. दिगूनं एकट्यानं लावली होती. मालनताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"शिकला," त्या म्हणाल्या. मला वाटलं होतं, झोपल्या असतील.

होळीच्या सुमाराला त्या गेल्या. गल्लीतल्या मागवाल्यांनी माग बंद ठेवले, मयत आहे म्हणून. बायका मोठ्यानं रडत होत्या. दिगू मोरीत कानांवर हात ठेवून बसला होता. सगळे निघून गेल्यावर तो बाहेर आला, खाटेपाशी उभा राहिला. मग त्यानं चादरीच्या सुरकुत्या काढल्या, वाकळीची घडी करून पायथ्याशी ठेवली, खिशातला गठ्ठा काढून त्यातलं रिकाम्या खाटेचं चित्र उशीवर ठेवलं आणि खाट आणि चित्र असं आळीपाळीनं बघत राहिला.

रावसाहेब दारातून बघत होते. "रडलाबी न्हाई," ते म्हणाले. "कळलं म्हनायचं का ह्येला?"

"कळलं," मी म्हटलं. माझी खात्री होती.

दिवसकार्य होईपर्यंत दिगू जयसिंगपूरला मामाकडे होता. तिथं माग नव्हते. तो झोपेना, घरातल्यांनाही झोपू देईना. रावसाहेबांची बायको आजारी पडली. त्यामुळे त्याला संस्थेत न्यायच्या दिवशी रावसाहेबांचे डोळे लाल होते आणि माणूस नुसता थकून गेला होता. मी त्यांच्या गाडीतून बरोबर गेले. दिगूनं वाटेत गाडीचं चित्र काढून मांडीवर ठेवलं. फाटक आलं तसं फाटकाचं काढलं. हिराबाई दिसल्या तसं त्यांचं. दर वेळी तो चित्राकडे बघायचा, बाहेर बघायचा आणि चित्र गठ्ठ्यात ठेवून द्यायचा. सगळं जुळत होतं. खिडकीजवळच्या खाटेवर तो बसलासुद्धा. मला वाटलं, मालनताईंनी हे बघायला हवं होतं.

"एक राहिलं," कार्यालयातले गृहस्थ म्हणाले. पाटणकर त्यांचं नाव, स्वभावानं चांगले, कामाच्या घाईतले. "याचा फोटो."

मी माझ्याजवळचे सगळे फोटो त्यांच्या टेबलावर मांडले. उन्हाच्या पट्ट्यातला दिगू, पायरीवरचा, कप धरलेला. त्यांनी एकेक उचलून बघितला.

"फोटो सुंदर आहेत हो. पण सगळे बाजूनं. समोरून पाहिजे, दोन्ही डोळे दिसले पाहिजेत. असे पाठवले तर वरून परत येतात."

"तो समोर बघत नाही. त्याला त्रास होतो."

"सगळ्यांचा काढतो आम्ही. रडतात थोडं, मग विसरतात."

"मला चार दिवस द्या. मी रोज येईन, खोलीतच काढीन. निदान त्याला इथं रुळू द्या."

"फोटोशिवाय प्रवेश पुरा होत नाही बाई. आणि प्रवेश पुरा नसताना ठेवून घेतलं आणि काही झालं, तर जबाबदार कोण?"

मी रावसाहेबांकडे बघितलं. "आज परत नेऊया. चार दिवसांचा प्रश्न आहे."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "ताई, माझ्यात आता ताकद न्हाई. एका मिन्टाचं काम हाय. होऊ दे की."

संस्थेच्या प्रमुख मागच्या इमारतीत होत्या. त्या ऐकतील असं वाटून मी तिकडे धावले. त्या जेवायला बसल्या होत्या. मी सांगितलं तसं त्या लगेच उठल्या, "थांबा, मी बोलते पाटणकरांशी," म्हणून हात धुवायला गेल्या. तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. दिगूचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

कार्यालयात भिंतीवर पांढरी चादर लावली होती. तिच्यापुढे स्टुलावर दिगू होता. संस्थेतल्या दोघांनी त्याचे दंड धरले होते आणि तिसऱ्यानं हनुवटीला हात लावून मान वर केली होती. डोळे घट्ट मिटलेले. पाटणकर छोटा कॅमेरा धरून "इकडे बघ बाळ, इकडे बघ," म्हणत होते. फ्लॅश एकदा उडून गेला होता, दुसऱ्यांदा तयार होत होता.

"थांबा!" मी ओरडले आणि कॅमेऱ्यावर हात ठेवायला पाटणकरांच्या मागून पुढे झेपावले.

माझा आवाज दिगूनं ओळखला. त्यानं डोळे उघडले. थेट माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच. माझ्यापुढे कॅमेरा होता. फ्लॅश उडाला.

"आला!" पाटणकर म्हणाले. "बघा, कसा स्वच्छ आला."

त्यांनी मला फोटो दाखवला. खरंच स्वच्छ आला होता. दोन्ही डोळे, समोरून.

त्याला सोडल्यावर तो स्टुलावरून घसरून खाली बसला. ओरडणं थांबलं होतं. प्रमुख बाई येऊन काहीतरी बोलत होत्या, पाटणकर त्यांना समजावत होते. दिगूनं खिशातून गठ्ठा काढला, रबर सोडलं आणि एकेक चित्र बाजूला करत हवं ते शोधून काढलं. उठून माझ्याजवळ आला आणि ते माझ्या हातात दिलं.

मालनताईंचं चित्र होतं. वाकळ गळ्यापर्यंत घेतलेलं.

मी ते धरून उभी राहिले. तो वाट बघत होता. मला कळलं नसेल असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं माझी बोटं एकेक करून त्या चित्रावर मिटवली आणि पुन्हा वाट बघत राहिला.

"दिगू," मी म्हटलं. पण शब्द त्याच्या कामाचा नव्हता.

बऱ्याच वेळानं त्यानं उरलेला गठ्ठा पाटणकरांच्या टेबलावर ठेवला. हिराबाईंनी "चल बाळा," म्हटलं तसा तो त्यांच्यामागून आत गेला. वळून बघितलं नाही.

त्यानंतर मी पुष्कळदा गेले. नवी चित्रं करून नेली, जुनी नेली, कॅमेरा नेला, मग कॅमेरा न नेता गेले. चित्र हातात दिलं की तो बोटं सैल सोडायचा, चित्र खाली पडायचं. मागांचा आवाज ध्वनिमुद्रित करून नेला. तोही त्यानं ऐकल्यासारखं केलं नाही. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, त्यानं तो जाड झाला. मी स्टुडिओ चालवत राहिले, पण पुढे तशा मुलांचं काम कोणी घेऊन आलं की दुसऱ्याचा पत्ता देऊ लागले.

गेल्या दिवाळीत गेले होते. हिराबाई थकल्यात आता. व्हरांड्यात त्यांनी मला खुर्ची दिली. दिगू कठड्याला टेकून बसला होता, दाढी पिकू लागलेली.

"ह्याचा कसला म्हणून तरास न्हाई बघा," त्या कौतुकानं म्हणाल्या. "बाकीची दिवसभर मागं लागत्यात, ह्ये दे, त्ये दे. ह्यो गुनाचा. भूक लागली तरी मागत न्हाई. आमीच ध्यान ठेवायचं."

मी त्याच्याजवळ बसले. अंगणात कोणीतरी टिकल्या फोडत होतं. दर आवाजाला मी दचकत होते. तो दचकत नव्हता.

मग जेवणाची घंटा झाली. बाकीचे आत पळाले. हिराबाईंनी त्याच्या दंडाला धरून उठवलं, तसा तो उठला आणि रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.